माळ, पाणी आणि नांगर : वाचकांचे प्रश्न

माळरानांवरील आमच्या मागील लेखात, शेतीखाली नसलेली गवताळ जमीन सरसकट नांगरली जाऊ नये, अशी भूमिका मांडली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माढा तालुक्यात आमची चौदा एकर जमीन आहे, त्यांपैकी सहा एकर माळ. वडिलांच्या हयातीत तेथे नांगर लागला नाही. पावसाळ्यानंतर गवत कापायचे आणि मग जनावरे सोडायची, एवढाच त्याचा उपयोग. शेजाऱ्यांनी पोकलेन लावून त्यांचा माळ सपाट केला, तलावातला गाळ आणून टाकला आणि डाळिंब लावले. मुलगा म्हणतो, आपणही तेच करू. शहरातल्या लोकांना पक्षी दिसावेत म्हणून आम्ही माळ तसाच ठेवायचा का?

उत्तर : शहरातल्या लोकांसाठी ठेवू नये. आपला राग रास्त आहे आणि आपल्या जिल्ह्यात त्याला इतिहासही आहे. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, आपल्यासारख्यांची मालकीची शेतेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर आणि विकासकामांवर बंधने पडली. पक्ष्यामुळे आपली अडवणूक होते आहे, ही भावना गावोगावी घर करून बसली. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे १,२२० चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावरून माळढोक जवळपास दिसेनासा झाला होता. आज देशभरात हा पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरला आहे आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. ज्याची जमीन आहे त्याला विश्वासात न घेता आणि त्याच्या नुकसानीची भरपाई न करता नकाशावर रेघ ओढली, तर माणूसही दुखावतो आणि पक्षीही वाचत नाही, हे सोलापूरने पाहिले आहे. म्हणून आपल्याला उपदेश करण्याऐवजी आपल्या सहा एकरांचाच विचार करू.

डाळिंब मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत येते, हे खरे आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आहे, ते काही उगाच नव्हे. अडचण जमिनीपेक्षा पाण्याची आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही हुलकावण्या देत. खाली बसाल्टचा खडक आहे, त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. गवताने झाकलेला उंचावरचा माळ पावसाचे पाणी अडवून हळूहळू मुरू देतो आणि ते उताराखालच्या विहिरींना लागते. पोकलेनने हा थर उकरून सपाट केला की पाणी मुरण्याची जागा जाते आणि त्याच वेळी नव्या बागेमुळे उपसा वाढतो. एका शेतकऱ्याने हे केले तर कदाचित काही बिघडणार नाही. वाडीतल्या दहा जणांनी केले, तर एप्रिल-मे महिन्यांत सगळ्यांच्याच विहिरी तळ गाठतील, आणि तेव्हा बाग जगवण्यासाठी टँकर घ्यावा लागेल. मुलाला हिशेब करायला सांगताना टँकरचा खर्च, बोअर आटल्यास नव्या बोअरचा खर्च आणि तेल्या व मर या रोगांची जोखीम या तिन्ही गोष्टी धरायला सांगा.

माझा सल्ला असा आहे. आधी आठ एकर वाहितीच्या जमिनीत काय सुधारता येईल ते पाहा, कारण तेथे माती आहे, वाट आहे आणि पाण्याची सोय आहे. माळ मोडायचाच झाला, तर पायथ्याकडची, हातभर खोल माती असलेली पट्टी तेवढी घ्या. माथा आणि ओघळीच्या दोन्ही कडा गवताखालीच राहू द्या. उरलेला माळ पावसाळ्यात पूर्ण बंद ठेवा. सतत चरलेल्या माळावर कुसळीच माजते. त्याला दोन-तीन पावसाळे विश्रांती मिळाली, तर पवना, मारवेल, डोंगरी ही चांगल्या चाऱ्याची गवते परत येतात. बी झडल्यावर कापणी करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाणही दिले आहेत. आपल्याकडे दुभती जनावरे असतील, तर उन्हाळ्यातील चाऱ्याचा भाव पाहता हे उत्पन्न तुच्छ मानण्यासारखे नाही. आणि बाग केलीत, तर त्या बागेलाही माळ लागतो. डाळिंबाच्या परागीभवनासाठी आज शेतकरी भाड्याने मधमाश्यांच्या पेट्या आणतात, आणि रानटी मधमाश्यांच्या बहुतेक जाती मात्र न नांगरलेल्या जमिनीतच घरे करतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी रात्री माळावरच्या गवतात बसतात आणि दिवसा आपल्याच शेतांवर फिरून नाकतोडे टिपतात.

तरीही एक गोष्ट उघडपणे मान्य केली पाहिजे. आपण माथ्यावरचे गवत राखलेत, तर त्याचा लाभ उताराखालच्या सगळ्यांना होईल आणि भार एकट्या आपल्यावर पडेल. गवताला ना हमीभाव, ना पीकविमा. त्यातही देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नोंदींत गवताळ माळाचा मोठा भाग आजही पडीक म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे तो मोडणे ही सुधारणा ठरते आणि राखणे हा निष्काळजीपणा. माळ राखणाऱ्या शेतकऱ्याला दर हेक्टरी वार्षिक मोबदला मिळाला पाहिजे, ही मागणी शेतकरी संघटनांनी आणि निसर्गप्रेमींनी एकत्र मांडायला हवी. तो मिळेपर्यंत आपण सहापैकी चार एकर राखले, तरी मी ते मोठे काम समजेन.

प्रश्न : मी पुण्यात भूगोल शिकवतो. आहे त्या जमिनीत उत्पादन वाढले की नवी जमीन लागणार नाही आणि निसर्ग आपोआप वाचेल, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. हे बरोबर आहे ना?

उत्तर : अर्धे बरोबर आहे, आणि त्यातला "आपोआप" हा शब्द मात्र काढून टाकावा लागेल. आपल्या देशाचे आकडे आपल्या बाजूने बोलतात. १९७०-७१ साली देशातील अन्नधान्याचे उत्पादन सुमारे १०.८ कोटी टन होते, २०२३-२४ मध्ये ते ३३ कोटी टनांच्या पुढे गेले; या काळात निव्वळ पेरणीक्षेत्र मात्र १४ कोटी हेक्टरांच्या आसपासच राहिले. उत्पादकता वाढली नसती, तर एवढे धान्य पिकवायला जंगल आणि माळ कितीतरी अधिक मोडावे लागले असते. हरितक्रांतीने पंजाबातील भूजलाचे आणि मातीचे जे केले ते विसरता येत नाही, पण हे श्रेयही तिला दिले पाहिजे.

मात्र पोटापुरत्या धान्याला जे लागू होते, ते पैशाच्या पिकाला लागू होत नाही. गहू दुप्पट पिकला म्हणून माणूस दुप्पट पोळ्या खात नाही. परदेशी बाजारात हवे तेवढे खपणारे पीक अधिक किफायतशीर झाले, की ते अधिक जमिनीवर लावले जाते. याचे ठळक उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. तेथील सेराडो हा सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचा गवताळ, विरळ झाडांचा प्रदेश. त्याची माती आम्ल आणि निकस असल्याने तेथे शेती होणार नाही, असे मानले जाई. १९७३ साली स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी कृषिसंशोधन संस्थेने चुना टाकून माती सुधारण्याची पद्धत बसवली आणि उष्ण प्रदेशात येणारे सोयाबीनचे वाण तयार केले. शेतीशास्त्राच्या दृष्टीने हे थोर काम होते, यात शंका नाही. परंतु सेराडोतील जवळजवळ निम्मी मूळ वनस्पतिसृष्टी त्यानंतर नाहीशी झाली. इथे उत्पादकता वाढल्यानेच नांगर पुढे सरकला.

याच ब्राझीलमध्ये याच्या उलट घडलेलेही आहे. २००६ साली सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी, नव्याने तोडलेल्या ॲमेझॉनच्या जंगलातील सोयाबीन विकत घ्यायचे नाही, असा करार केला. त्यानंतरच्या दशकात ॲमेझॉन भागात सोयाबीनचे उत्पादन वाढत राहिले, पण ते मुख्यतः आधीच मोकळ्या झालेल्या कुरणांवर. सोयाबीनसाठी थेट जंगल तोडण्याचे प्रमाण फारच कमी झाले. सेराडो त्या कराराबाहेर राहिला आणि मोडत राहिला. उंच झाडांचे जंगल जगाला दिसले, गुडघाभर गवताचा प्रदेश दिसला नाही. आपल्याकडे सह्याद्रीच्या जंगलासाठी जेवढे लिहिले-बोलले जाते, त्याच्या दशांशानेही दख्खनच्या माळासाठी बोलले जात नाही, हे पाहताना मला सेराडोची आठवण होते.

विद्यार्थ्यांसाठी जवळचे उदाहरण हवे असेल, तर ठिबक सिंचन घ्या. ठिबकने एकरी पाणी कमी लागते. पण वाचलेले पाणी बहुधा विहिरीत राहत नाही, शेजारच्या पट्टीत नवे पीक उभे राहते आणि एकूण उपसा तेवढाच राहतो, कधी वाढतोही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे ओळखले होते. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, माळावर जनावरे मोकळी सोडायची नाहीत, हे नियम ग्रामसभेत ठरवले. दर वर्षी पावसाचे मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यानुसार पिके ठरवायची, ही शिस्त त्यांनी लावून घेतली. गवत कापून नेण्याची मुभा ठेवल्याने चारा वाढला आणि दुधाचा धंदाही वाढला. तेथे मर्यादा आधी ठरली, उत्पन्न तिच्या आत वाढले. हा क्रम विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवता आला, तर फार चांगले होईल.

प्रश्न : आम्ही पारनेर तालुक्यातील मेंढपाळ. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कल्याण-भिवंडीकडे उतरतो. चराईची राने दर वर्षी कमी होत आहेत. कुठे बाग, कुठे सौरऊर्जेचे कुंपण, कुठे वन विभागाचे चर आणि रोपवन. त्यात लांडग्याने मेंढरू नेले, तर कोणी विचारत नाही. माळ वाचवायचा म्हणणारे आम्हालाच आधी हाकलतात.

उत्तर : आपले म्हणणे वाचून मला वाईट वाटले, कारण त्यात तथ्य आहे. दख्खनचा माळ मेंढपाळांच्या चराईसोबतच शतकानुशतके टिकला आहे. कळप पुढे सरकत राहिला, की गवताला उसंत मिळते. कळपाला जागाच उरली नाही आणि त्याच चार तुकड्यांवर पुन्हा पुन्हा चरावे लागले, की माळ उघडा पडतो. म्हणजे ज्या अतिचराईचा ठपका आपल्यावर ठेवला जातो, तिचे एक मोठे कारण वाटा बंद होणे हे आहे. शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवल्या, की लेंडी आणि मूत्र जागच्या जागी पडते, आणि ज्या काळ्या रानात माती दगडासारखी झाली आहे तेथे या खताचे मोल शेतकरी जाणतात; म्हणूनच ते आजही त्यासाठी धान्य किंवा पैसे देतात. माळ आणि शेत यांच्यातील ही देवाणघेवाण आपल्या कळपांमुळे चालते. माळ गेला, तर शेताचे हे खतही जाईल.

आपल्या हक्कांविषयी दोन गोष्टी सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आणि भटक्या पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे नमूद केलेला आहे. आदिवासी नसलेल्या समाजांना तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य आणि वनावरील अवलंबन सिद्ध करावे लागते. फिरत्या समाजासाठी ते अवघड आहे, म्हणून जुन्या चराई पावत्या, मुक्कामाच्या गावांतील वृद्धांचे जबाब, देवस्थानांच्या नोंदी हे सारे आतापासून जमवून ठेवावे. मुक्कामाच्या गावच्या ग्रामसभेला सोबत घेतल्याशिवाय हा दावा पुढे जात नाही, त्यामुळे ज्या गावांशी आपले पिढ्यांचे संबंध आहेत, तेथून सुरुवात करावी.

दुसरे, लांडग्याने मारलेल्या मेंढरासाठी वन विभागाकडून भरपाई मिळते. मेंढरू पडले त्या जागेवरून ते न हलवता दोन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाला कळवावे, छायाचित्र काढावे आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. लांडगा कायद्याने सर्वोच्च संरक्षण मिळालेला प्राणी आहे. त्याचे घरही हाच माळ आहे, आणि चिंकारा-काळवीट उरले नाहीत तेथे तो मेंढरांवरच जगतो. त्याचे पोट आपल्या कळपातून भरत असेल, तर त्याची किंमत समाजाने वेळेवर चुकती करणे हे किमान कर्तव्य आहे. भरपाईला महिनोन्महिने लागणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : आमच्या मंडळाने गावाजवळच्या उजाड माळावर पाचशे झाडे लावण्याचा संकल्प केला आहे. कोणती लावावीत? (इंदापूर)

उत्तर : त्या माळावर लावू नयेत. तो उजाड दिसतो, पण तेथे गवत, चंडोल, धाविक, खोकड, ससे आणि सरडे यांची वस्ती आहे, आणि दाट झाडी उभी राहिली की ती मोडते. गिरिपुष्पासारखी (ग्लिरिसिडिया) परदेशी झाडे माळावर लावणे हे तर निश्चितच नुकसानीचे. आपल्या राज्यात २०१९ साली तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट होते. अशा मोठ्या मोहिमांना मोकळी जागा हवी असते आणि सर्वांत सहज सापडते ती माळाची. आपला उत्साह मोलाचा आहे. तो ओढ्याच्या काठी, गावठाणात, रस्त्याकडेला आणि शेतांच्या बांधांवर वापरा. तेथे कडुनिंब, बाभूळ, करंज, चिंच, उंबर लावा आणि निदान तीन उन्हाळे पाणी घाला.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचा कातळ सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार आहे. सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून माती आणायची आणि हापूसची कलमे लावायची, असे ठरत आहे. तेथे काहीच उगवत नाही, मग हरकत काय?

उत्तर : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या सड्यावर एकदा बारकाईने पाहावे, अशी विनंती आहे. सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे ताटवे तेथे फुलतात. दीपकाडी कोंकणेन्स ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती तर कोकणच्या जांभ्या सड्यांखेरीज जगात कोठे नाही. पावसात भरणाऱ्या उथळ डबक्यांत बेडकांची वीण होते. सड्यावरचे पाणी जांभ्याच्या भेगांतून मुरून उतारावरच्या वाड्यांच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते. शिवाय कोकणातील काही कातळशिल्पांची स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि आजही नवी शिल्पे उजेडात येतात. सुरुंग लावण्यापूर्वी सडा झाडून पाहणे एवढी तरी काळजी घ्यावीच.

१९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि तिने कोकणाला मोठा आधार दिला. त्या काळी लावलेल्या अनेक बागा आता दाट, उंच आणि कमी फळणाऱ्या झाल्या आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या झाडांची छाटणी करून त्यांचे पुनरुज्जीवन करण्याची पद्धत दिली आहे. नवा सडा फोडण्याचा खर्च त्या बागांवर केलात, तर फळ लवकर हाती येईल. तरीही नवी लागवड हवीच असेल, तर पूर्वी नाचणी-वरी पिकणाऱ्या आणि आता ओस पडलेल्या वरकस जमिनी आपल्या गावातही असतील. त्यांत माती आहे.

प्रश्न : शिरोळ तालुक्यातील आमची तीन एकर उसाची जमीन क्षारपड झाली आहे. ती तशीच टाकून जत भागात स्वस्तात माळ घ्यावा, तेथे आता उपसा योजनेचे पाणी येत आहे, असा भावाचा आग्रह आहे. काय करावे?

उत्तर : आधी शिरोळची जमीन सुधारा. वर्षानुवर्षे पाटपाणी मोकळे सोडून, निचऱ्याची सोय न करता ऊस घेतल्याने भारी काळ्या जमिनीत पाण्याची पातळी वर आली आणि पाण्याबरोबर क्षार मुळांपाशी साठले. हे दुरुस्त होऊ शकते, आणि त्याचे उत्तम काम आपल्याच तालुक्यात झाले आहे. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालण्याची निचरा प्रणाली राबवली आणि पूर्वी गवतही न उगवणाऱ्या शेतांत पुन्हा पिके उभी राहिली. तेथे प्रत्यक्ष जाऊन पाहा. एकट्याने पाइप घालून उपयोग होत नाही, कारण निचऱ्याचे पाणी नाल्यापर्यंत नेण्यासाठी शेजाऱ्यांच्या रानातून मुख्य नळी न्यावी लागते. म्हणून पट्ट्यातील सर्वांना बरोबर घ्यावे. माती आणि पाणी तपासून घ्या, जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट झालेली असेल तर अहवालात सांगितल्याप्रमाणे जिप्सम द्या, निचरा सुरू झाल्यावर धैंचा हे हिरवळीचे पीक गाडा आणि पुढचा ऊस ठिबकवरच घ्या.

पिकणारी जमीन बिघडवून सोडायची आणि तिच्या जागी दुसरीकडचा माळ मोडायचा, हा प्रवाह मला सर्वांत जास्त चिंतेचा वाटतो, कारण त्यात दोन्हीकडे नुकसान होते. जतला म्हैसाळ योजनेचे पाणी येणे ही तेथील दुष्काळी गावांसाठी आनंदाची गोष्ट आहे आणि त्या पाण्यावर पहिला अधिकार तेथे पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू ज्वारी-बाजरी पिकवणाऱ्यांचा आहे. भावाला तेथे जमीन घ्यायचीच असेल, तर न मोडलेला माळ सोडून वाहितीतली जमीन पाहावी, ऊस लावू नये, आणि पहिले पाणी देण्याच्या आधी चर काढून निचऱ्याची वाट करून ठेवावी.